ताईत घेतल्याशिवाय उतरू नकोस

कोझुरा
२२ मार्च, शोवा ५३ (१९७८)

चि. मोरिहिको यास अनेक आशीर्वाद.

यंदा ताईत आणायला डोंगरावर कुणी जायचं, म्हणून काल झोपडीत शेकोटीभोवती बसून चिठ्ठ्या टाकल्या. तोमीची, वाकायोची आणि माझी. वाकायोनं डोळे मिटून उचलली आणि निघाली माझी. दोघी इतक्या हसल्या की चहा सांडला. माझा गुडघा घरचा उंबरठा ओलांडताना कुरकुरतो, मी मिसागो डोंगर काय चढणार? बदली माणूस चालतं, पण रक्ताचं हवं. तुझी आई असती तर माझ्या बहिणीलाच धाडलं असतं. ती नाही, म्हणून तू.

आता नीट वाच, ऑफिसातले कागद वाचतोस तसं वरवर नको. गाडीनं तानिगुचिला जायचं, तिथून बस, मग पायऱ्या. वरच्या देवळात गोशिन पुजारी आहेत, म्हातारे, कानानं कमी. त्यांना माझा नमस्कार सांग आणि वाळवलेलं समुद्री शेवाळ दे, पुडकं वेगळं पाठवते आहे. कान्नोन-सामा देवीचे तीन ताईत घे. ताईत घेतल्याशिवाय डोंगर उतरू नकोस. परत येताना वाटेत कुणाच्याही उंबऱ्याच्या आत पाय घालायचा नाही, सरळ माझ्या दारात यायचं. तू निघशील त्या दिवसापासून मी रोज तुझ्या नावाचं ताट वाढेन, म्हणजे तिकडे तुझे खाण्याचे हाल होणार नाहीत.

आणि तू येईपर्यंत आम्ही तिघी पाण्यात पाय घालणार नाही, हे तुला ठाऊक आहे. हंगाम दहा एप्रिलला उघडतो. गावातल्या बाकीच्या पाणबुड्या बायका हल्ली बंदराजवळच्या देवळातून ताईत आणतात, भाजी आणावी तसा. मिसागोच्या अशा आम्हीच तिघी उरलो. लोक हसतात. हसू देत.

फोन करू नकोस. मच्छीमार संस्थेच्या कचेरीत फोन वाजला की सगळ्यांचे कान लांब होतात. पत्र लिही.

तुझी मावशी,
किनुए

---

नागोया
२६ मार्च

ती. किनुए मावशीस सा. नमस्कार.

प्लमची फुलं गळून चेरीच्या कळ्या फुगू लागल्या आहेत, अशा सुंदर दिवसांत आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो.

मावशी, मी कारखान्याच्या हिशेबखात्यात काम करतो, देवाच्या टपालखात्यात नाही. मार्चअखेरीला आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते. तरी हायामी साहेबांपुढे कमरेत वाकलो. ते म्हणाले, "मावशीच्या ताईतासाठी रजा? वीस वर्षांत असं कारण कुणी दिलं नव्हतं. नवीन आहे म्हणून देतो." आता सगळं खातं मला 'यात्रेकरू' म्हणतं.

एक तारखेला निघतो. दोन तारखेला डोंगर, चार-पाचपर्यंत तुझ्या दारात. तुझ्या हंगामाला धक्का लागणार नाही.

तानिगुचिची दरी आणि धबधबा फार नावाजलेला आहे म्हणे. एवढ्या लांब जातोच आहे तर तेही पाहून घेतलं तर कान्नोन-सामा रागावणार नाहीत ना?

तुझा,
मोरिहिको

---

तानिगुचि, पायथ्याची खानावळ
३ एप्रिल

ती. मावशीस सा. नमस्कार.

धुकं फार आहे. काल वर पोचता आलं नाही. बस फक्त धबधब्यापर्यंत जाते, पुढे चालत, आणि पुढचा रस्ता दिसेल तर चालणार. थोडं थांबावं लागेल, असं दिसतं.

धबधबा पाहिला. म्हणजे धबधब्यापुढे उभी असलेली माणसं पाहिली. दहा-बारा बसगाड्या, प्रत्येकीपुढे झेंडा धरलेली मुलगी, तिच्या हातात कर्णा. "यानंतर उजवीकडे आपल्याला भव्य प्रपात दिसेल." प्रपाताचा आवाज त्या कर्ण्यामुळे ऐकू येत नाही. फोटोसाठी पायऱ्यापायऱ्यांची बाकं मांडली आहेत. एक घोळका उठतो, दुसरा बसतो. मी एकटा पुढे गेलो तर फोटोवाला ओरडला, "साहेब, तुमचा घोळका कुठला?" मी म्हटलं, कोझुराच्या पाणबुड्यांचा. त्याला विनोद वाटला.

खानावळीची मालकीण शिगेनो-सान भली बाई आहे. उत्तर याच पत्त्यावर पाठव. काळजी करू नकोस.

मोरिहिको

---

कोझुरा
६ एप्रिल

चि. मोरिहिको,

तू काल यायचा होतास. तुझ्याऐवजी तुझा धबधबा आला.

मिसागोवर धुकं कुठे नसतं? माझी आई पोटात मला घेऊन त्या धुक्यात चढली होती. पायऱ्या दगडाच्या आहेत, त्या धुक्यात विरघळत नाहीत. एक पाय ठेवायचा, मग दुसरा. ऑफिसात जिने नाहीत का तुमच्या?

रोज तुझं ताट वाढते आहे. भात, मिसोचं गरम पाणी, मुळ्याचं लोणचं. परवा तोमीनं मासा दिला, तोही वाढला. वाटीच्या झाकणाला आतून वाफ धरते का बघते. धरली तर माणूस खुशाल, असं आई म्हणायची. रोज धरते. म्हणजे तू मजेत आहेस, हे मला तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. मग ते ताट मांजर खातं आणि तू धबधबे बघत हिंडतोस.

वाकायो विचारते, शिगेनो-सान भली म्हणजे किती भली, आणि वय काय? मी तिला गप्प केलं. पण मलाही कळव.

चार दिवस उरले आहेत. चढ.

किनुए

---

तानिगुचि
१० एप्रिल

ती. मावशीस सा. नमस्कार.

चेरी इथे आता कुठे फुलते आहे. डोंगरउतारावर मधूनमधून पांढरे पुंजके दिसू लागले आहेत.

शिगेनो-सान पासष्टीच्या आहेत आणि घोरतात. वाकायो-सानना सांग.

आज तुझा हंगाम उघडला, हे मला ठाऊक आहे. सकाळपासून जेवण गेलं नाही, तुझं ताट पोचत असलं तरी. अजून थोडे दिवस लागतील, मावशी. इथे काही कामं एकात एक अडकली आहेत. सगळं पत्रात लिहिण्यासारखं नाही.

काल दरीच्या वरच्या अंगानं गेलो होतो. तिथे कर्णा पोचत नाही. देवदारांच्या मधून जुन्या पायऱ्या जातात, दोन्ही बाजूंना दगडी मूर्ती, शेवाळानं नाकडोळे बुजलेल्या. त्यांतली एक हुबेहूब हायामी साहेबांसारखी आहे; तिच्यापुढे मी चुकून कमरेत वाकलो. वर गेल्यावर धुकं बाजूला झालं आणि डोंगरांच्या पलीकडे समुद्राची पट्टी दिसली. खूप वेळ बसलो तिथे. तू सोबत असायला हवी होतीस.

एक विचारतो. रागावू नकोस. ताईत मिसागोचेच हवेत का? कान्नोन-सामा सगळीकडे एकच ना? पायथ्याशी एक मोठं देऊळ आहे, नवं, सिमेंटचं. तिथेही ताईत मिळतात, रेशमी पिशवीत, दिसायलाही सुबक. समज, मी तिथले आणले, तर चालतील?

मोरिहिको

---

कोझुरा
१४ एप्रिल

मोरिहिको,

आशीर्वाद पुढच्या पत्रात, आधी मन शांत होऊ दे.

कळ्या फुगल्या, फुलं फुलली, हे मला लिहू नकोस. ऋतू मला खिडकीतून दिसतो. दहा तारखेला समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा होता. पलीकडच्या आळीच्या बायका होड्यांतून गेल्या, आणि आम्ही तिघी झोपडीत शेकोटी पेटवून बसलो. कोरड्या अंगानं. पाण्यातून आल्यावर शेकायला बसतात, आम्ही न जाताच शेकत होतो. संस्थेचा कारकून दारावरून जाताना म्हणाला, "किनुए-सान, यंदा शिंपले स्वतः चालत येणार का?" वाकायोनं त्याच्यावर गरम रताळं फेकलं. त्यानं ते झेललं आणि खाल्लं.

अकरा, बारा, तेराही समुद्र तसाच. असे दिवस वसंतात किती मिळतात हे तुला सांगायला हवं? लहानपणी त्याच झोपडीत आमच्या ओल्या कपड्यांवर झोपायचास.

आणि तू विचारतोस, दुकानातले चालतील का. म्हणजे चढायचा कंटाळा आला आहे. उतारावर बसून समुद्र बघायला पाय चालतात, देवळापर्यंत मात्र चालत नाहीत. मी खाली जाते, दम संपत आला की वर येते, डोकं पाण्याबाहेर काढते आणि आधी मिसागो शोधते. तो दोन खडकांच्या मधोमध दिसला की समजतं होडी कुठे, घर कुठे. तुझ्या त्या सिमेंटच्या देवळाकडे बघून मी काय शोधू, बसगाड्या?

तुला सांगणार नव्हते, पण सांगते. जूनमध्ये संस्था परवाने नव्यानं करते. सत्तरी ओलांडलेल्यांना आता देणार नाही, असं ठरलं आहे. मला मे महिन्यात सत्तर पुरी होतात. हा वसंत माझा शेवटचा. मार्चमध्येच माहीत होतं. लिहिलं नाही, कारण तू दया येऊन धावत सुटला असतास आणि मला तसं नको होतं. न लिहिल्यावर तू अजिबातच धावला नाहीस.

तोमी म्हणते, पोराला नीट विचार, काहीतरी असेल. काय असेल? विचारते. काय आहे तिथे?

किनुए

---

तानिगुचि
१७ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. खानावळीच्या पायरीवर बसूनच लिहितो आहे.

मी खोटं लिहिलं. दोन तारखेला धुकं होतं, पण मी वर पोचलो होतो. दुपारच्या आत. देऊळ बंद आहे. मुख्य दाराला आडव्या फळ्या ठोकल्या आहेत आणि त्यांवर नोटीस. गोशिन पुजारी जानेवारीत गेले. शिष्य कुणी नाही, मुलगा ओसाकात टॅक्सी चालवतो. त्याला वर येऊन राहायचं नाही. मीही आलो नसतो.

एवढं चढून आलेला माणूस दार बंद बघून करतो ते मी केलं, हाका मारल्या. वाटलं, मागे कुणीतरी झाडत-बिडत असेल. तू म्हणाली होतीस कानानं कमी, म्हणून मोठ्यानं. "कुणी आहे का? मी कोझुराहून आलो आहे. किनुए, तोमी आणि वाकायो यांच्या वतीनं आलो आहे." तीनचारदा ओरडलो. कावळे उडाले, बाकी काही नाही. शेवाळाचं पुडकं फळीखालून आत सरकवलं. परत नेणं बरं दिसेना.

तू लिहिलं होतंस, ताईत घेतल्याशिवाय उतरू नकोस. पण उतरावंच लागलं. तिथे रात्र काढली असती तर तुला दुसरा बदली माणूस शोधावा लागला असता.

तेव्हापासून मी पळतो आहे, मावशी. पायथ्याच्या मोठ्या देवळाकडे आता मिसागोची व्यवस्था आहे. तिथली कान्नोन-सामाची मूर्तीसुद्धा खाली आणली आहे, काचेच्या पेटीत, पेटीवर दिवा, दिव्याला बटण. कचेरीत म्हणाले, ताईताचं काम पाहणारे गृहस्थ उद्या येतील. उद्या म्हणाले, परवा. परवा ते आले आणि म्हणाले, मिसागोचा शिक्का कपाटात आहे पण तो वापरायचा हक्क पुजाऱ्याचा. पुजारी कोण? सहा देवळं सांभाळणारे एक जण. दरीच्या पलीकडे राहतात. मी गेलो तर ते कुणाच्या तरी अंत्यविधीला. पुन्हा गेलो तर दुसऱ्या अंत्यविधीला. तिसऱ्यांदा भेटले, चहा दिला, माझ्यापेक्षा ते जास्त दमलेले होते. म्हणाले, "मिसागोवर मी शरद ऋतूत एकदा जातो. त्याआधी जमेल असं दिसत नाही. विचार करून कळवतो." विचार करून कळवतो म्हणजे काय, हे आपण दोघंही जाणतो. तरी मी रोज जातो आणि दारात बसतो. हायामी साहेबांची तार आली आहे: यात्रेकरूस मोक्ष मिळाला काय.

सिमेंटच्या देवळातले तीन ताईत मी घेऊनही ठेवले होते. तुला सांगायचं, हे मिसागोचे. पाकिटात घातले, पत्ता लिहिला आणि टपालपेटीत टाकता आले नाहीत. म्हणून तसं विचारलं.

तुम्ही तिघीच उरला आहात त्या डोंगराच्या. देऊळच उरलं नाही, हे तुला कुठल्या तोंडानं लिहायचं? वाटलं, पुजाऱ्यांना एकदा वर नेतो, दार उघडवतो, ताईत हातात घेतो आणि मग हळूच सांगतो. हा तुझा शेवटचा वसंत आहे हे ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी लिहिलं असतं. तू मला का नाही सांगितलंस?

आता काय करू ते कळव. पुजाऱ्यांना पाठीवर घालून न्यायला सांगितलंस तरी नेईन. ते फार जड नाहीत.

मोरिहिको

---

कोझुरा
२० एप्रिल, सकाळ

चि. मोरिहिको यास आशीर्वाद.

पत्र आताच आलं. तिघींत मोठ्यानं वाचलं. होडीवाला खाली खोळंबला आहे, म्हणून घाईनं लिहिते.

गोशिन पुजाऱ्यांचं वाचून तोमी रडली. मला रडू आलं नाही, मला राग आला. तू दारात उभा राहून आमची नावं सांगितलीस ना? कोझुराहून आलो, या तिघींच्या वतीनं आलो, असं मोठ्यानं? तेवढंच तर करायचं असतं रे. बदलीनं डोंगरावर जायचं ते नावं सांगायला. ताईत म्हणजे कागद. डोक्याच्या फडक्यात बांधला की चार बुड्यांत त्याचा लगदा होतो. लढाईच्या शेवटच्या वर्षी तर पुजाऱ्यांकडे कागदच नव्हता. तोमीचा भाऊ वर गेला, नावं सांगितली, हात हलवत आला, आणि आमच्या आया आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पाण्यात गेलो. ताईत घेतल्याशिवाय उतरू नकोस हे मी लिहिलं, कारण तू अर्ध्या वाटेवरून परतशील अशी मला भीती होती. ताईत असला म्हणजे तू वरपर्यंत गेलास याची खात्री. आणि उंबऱ्याचं लिहिलं ते तू वाटेत रेंगाळू नयेस म्हणून.

तू पहिल्याच दिवशी काम केलं होतंस. दोन तारखेला, दुपारच्या आत. आणि ऐकायला कुणी नव्हतं असं वाटून त्यानंतर सगळे दिवस सिमेंटच्या देवळात घालवलेस. तुला माझं मन दुखवायचं नव्हतं, मला तुझं. आपण दोघांनी एकमेकांना इतकं जपलं की माझ्या शेवटच्या हंगामाचे दहा दिवस त्यात गेले.

त्या पुजाऱ्यांना आता सोड. त्यांना अंत्यविधी पुरे आहेत. ते रेशमी पिशवीतले ताईत हायामी साहेबांना दे.

होडीवाला ओरडतो आहे. जाते.

संध्याकाळ

गेलो होतो. पाणी अजून फार गार आहे. पहिल्या बुडीत दम पुरला नाही. दुसरीत हात नुसताच खडकावर घासला. तोमीनं दोन शिंपले काढले आणि माझ्याकडे बघितलं नाही, तेवढी समज तिला आहे. शेवटी एक मिळाला, लहान. कांबीनं मापला, मापात बसेना, म्हणून परत ठेवला. आज मी रिकाम्या हातानं आले. कारकून दारात उभा होता, त्यानं बाजूला होऊन वाट दिली.

मोरिहिको, मी रागावलेली आहे. चांगली रागावलेली. तुला समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायचं आहे. पण आता इकडे येऊ नकोस, परस्पर नागोयाला जा आणि कामावर हजर हो. समुद्र शांत आहे, उद्याही राहील असं वाटतं, आणि शांत दिवस तुझ्यावर खर्च करणं मला परवडत नाही. जूनमध्ये ये. चांगला आठवडाभर ये. तेव्हा मला दुसरं काही काम नसेल.

तुझी मावशी,
किनुए